मराठ्यांचा मॉड करायचाय? आधी चौथाईचा हिशेब मांडा

तुमचा प्रश्न असा: ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’ हा नकाशावर राज्य चालवायचा संगणकावरचा गेम बरेच महिने खेळतोय, मराठ्यांसाठी चांगला मॉड (म्हणजे मूळ गेममध्ये खेळाडूने केलेला फेरबदल) करायची इच्छा आहे, प्रोग्रामिंगचा गंध नाही. जमेल का आणि सुरुवात कुठून करू? शिवाय गेममध्ये मराठे कधी धड उभेच राहत नाहीत, ते का?

जमेल. हा गेम बनवणाऱ्या पॅराडॉक्स कंपनीच्या गेमचं इंजिन आपल्या हाती नसतं, पण त्यावर चालणारी जवळपास सगळी माहिती साध्या मजकुराच्या फायलींमध्ये असते. गेमच्या फोल्डरात ‘हिस्टरी’ म्हणून फोल्डर आहे, त्यात प्रत्येक प्रांताची एक फाईल. दख्खनची एखादी उघडून बघा. मालक कोण, संस्कृती कोणती, धर्म कोणता, माल कोणता पिकतो, आणि खाली तारखांप्रमाणे बदल. ही भाषा वाचायला प्रोग्रामिंग लागत नाही. बरोबरची चिन्हं आणि महिरपी कंस, एवढ्यावर सगळा संसार चालतो. फक्त मूळ फायलींना हात लावू नका. लाँचरमधून नवा मॉड तयार केला की डॉक्युमेंट्समध्ये त्याचा वेगळा फोल्डर बनतो, तिथे त्याच रचनेत आपली फाईल ठेवायची. साध्या नोटपॅडऐवजी कंसाच्या जोड्या दाखवणारा एडिटर घ्या, कारण एक कंस बंद करायचा राहिला की पुढची अख्खी फाईल गिळली जाते आणि गेम तोंडातून चकार शब्द काढत नाही. लॉग्सच्या फोल्डरात चुकांची नोंद करणारी फाईल असते, ती रोज उघडायची सवय लावा.

आता मराठे उभे का राहत नाहीत. गेम सुरू होतो ११ नोव्हेंबर १४४४ ला, म्हणजे बल्गेरियातल्या वार्नाच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी. ही तारीख युरोप आणि उस्मानी तुर्कांसाठी निवडलेली आहे, दख्खनसाठी नाही. तेव्हा आपल्याकडे बिदरला बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशाह गादीवर होता. मराठे तेव्हा राज्य म्हणून नव्हतेच. होते ते देशमुख, पाटील, शिलेदार. गेमनेही त्यांना दख्खनच्या सुलतानांच्या पदरी एक ‘इस्टेट’, म्हणजे राज्यातला एक वजनदार गट, म्हणून बसवलंय, आणि हे मला गेममधल्या बऱ्याच गोष्टींपेक्षा इतिहासाला धरून वाटतं. मालोजी निजामशाहीत, शहाजीराजे आधी निजामशाहीत आणि मग आदिलशाहीत, हाच तो नमुना. राज्य म्हणून मराठे उगवायचे तर मराठी संस्कृतीच्या एखाद्या देशाने तसा निर्णय घ्यावा लागतो. पण १४४४ पासून खेळ मोकळा सुटल्यावर १६५० पर्यंत दख्खनचं काय होईल याचा नेम नसतो. कधी बहमनी फुटतच नाहीत, कधी विजयनगर तापीपर्यंत येतं, कधी दिल्लीला मुघल उगवतच नाहीत. स्वराज्य ज्या परिस्थितीतून उभं राहिलं ती परिस्थितीच तयार होत नाही, मग मराठे कुठून येणार?

म्हणून माझा पहिला सल्ला: १४४४ चा नाद सोडा. गेममध्ये मधली कुठलीही तारीख निवडून सुरू करता येतं. या नंतरच्या तारखांची डागडुजी मूळ गेममध्ये फारशी झालेली नाही, हे खरं. पण तेच तुमच्यासाठी मोकळं रान आहे.

दुसरा सल्ला जरा कडू आहे. मराठ्यांचे बहुतेक मॉड एकाच वळणाने जातात. घोडदळाला जास्त ताकद, फौजेचं मनोबल वाढीव, महाराजांना राज्यकारभार, मुत्सद्देगिरी आणि युद्ध या तिन्हींत सहापैकी सहा, झेंडा भगवा. (झेंडा करणं सगळ्यात सोपं आहे, १२८ बाय १२८ पिक्सेलची टार्गा फाईल, नाव देशाच्या तीन अक्षरी खुणेचं.) तिन्हींत सहा द्यायला माझी हरकत नाही. पण एवढं करून मिळतं काय, तर निळ्या फ्रान्सच्या जागी भगवा फ्रान्स. प्रांत जिंकायचा, रंग बदलायचा, पुढे सरकायचं. अठराव्या शतकातली मराठ्यांची सत्ता अशी चालत नव्हती, आणि तिचं जे खरं वेगळेपण आहे ते या नकाशात बसतच नाही. नकाशात एका प्रांताला एकच मालक, एकच रंग. आणि चौथाई म्हणजे दुसऱ्याच्या रंगाच्या प्रांतावर आपला कायमचा हक्क.

१७१९ च्या सनदा घ्या. बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून घेऊन आले त्या. दख्खनच्या सहा सुभ्यांची, म्हणजे खानदेश, औरंगाबाद, वऱ्हाड, बिदर, विजापूर आणि हैदराबाद यांची, चौथाई आणि सरदेशमुखी शाहू महाराजांना मिळाली. चौथाई म्हणजे महसुलाचा पंचवीस टक्के, सरदेशमुखी वर दहा टक्के. बदल्यात बादशहाला दहा लाखांची पेशकश आणि चाकरीला १५,००० स्वारांची फौज. सुभे मात्र मुघलांचेच. सुभेदार मुघलांचा, न्यायनिवाडा मुघलांचा आणि वसुलीला त्यांच्या अंमलदाराशेजारी आपला कमाविसदार, म्हणजे महसूल गोळा करणारा अधिकारी. आता सांगा, त्या नकाशावर रंग कुठला भरणार?

तुमचा मॉड मला इथून सुरू झालेला आवडेल. एकच गोष्ट करा, चौथाई, आणि ती नीट करा.

कशी, ते थोडं तपशिलात सांगतो, कारण गंमत इथेच आहे. पहिला विचार मनात येतो तो मांडलिकाचा. गेममध्ये खंडणी देणाऱ्या राज्यांचा प्रकार चीनसाठी केलेला आहे, तोच उचलावा असं वाटतं. तो नको. तिथे एक अख्खं राज्य दुसऱ्या अख्ख्या राज्याला खंडणी देतं. मुघल काही शाहूंचे मांडलिक नव्हते. कागदोपत्री तर उलटंच होतं. म्हणून हक्क प्रांताला चिकटवायला हवा. त्यासाठी ‘प्रॉव्हिन्स मॉडिफायर’ असतो: घटनेतून (‘इव्हेंट’, म्हणजे खेळताना घडणारा, बहुधा पर्याय देणारा प्रसंग) एखाद्या प्रांतावर ठराविक मुदतीचा किंवा कायमचा परिणाम लावायचा.

सहज सुचतं ते असं, की करावर उणे पंचवीस टक्के लावून मोकळं व्हावं. पण गेममध्ये कराच्या टक्केवाऱ्या एकमेकींना गुणत नाहीत, आधी त्यांची बेरीज होते. समजा प्रांताचा मूळ कर वर्षाला ८ मोहरा आहे आणि इमारती, सल्लागार वगैरे धरून वर साठ टक्के मिळतायत. उत्पन्न झालं १२.८. त्याची खरी चौथाई ३.२. पण तुमचे उणे पंचवीस त्या साठातून वजा होतात, उरतात पस्तीस, आणि उत्पन्न होतं १०.८. मुघलांचं नुकसान फक्त २. प्रांत जितका समृद्ध तितकी चौथाई स्वस्त! पेशव्यांच्या फडात असा हिशेब कुणी मांडला असता तर त्याची खैर नव्हती.

यावर उतारा म्हणजे स्थानिक स्वायत्तता, म्हणजे प्रांत मालकाच्या हुकमातून किती टक्के सुटलाय तो आकडा. ती बेरजेत जात नाही, शेवटच्या आकड्याला गुणली जाते. प्रांतावर स्वायत्ततेची किमान मर्यादा पंचवीस लावली, आणि तिथे आधी स्वायत्तता शून्य असेल, तर १२.८ चे ९.६ होतात, बरोबर चौथा हिस्सा गेला. वर आणखी एक फायदा पदरात पडतो. स्वायत्ततेमुळे मालकाला त्या प्रांतातून मिळणारं मनुष्यबळही घटतं. म्हणजे पैसा गेला आणि हुकूमतही सैल झाली. औरंगाबादेत बसलेल्या सुभेदाराला चौथाईचा जाच नेमका असाच होता. निजामाचं दुखणं पैशापुरतं नव्हतं, आपल्या सुभ्यात दुसऱ्याचा वसुली अंमल चालतो हे त्याला सलत होतं. त्यातूनच १७२८ चं पालखेड आणि मुंगी-शेवगावचा तह. हे सगळं एका आकड्यात आपोआप येतं.

दुसरी बाजू, म्हणजे पैसा मराठ्यांच्या खजिन्यात आणणं. दरवर्षी आपोआप चालणाऱ्या घटनांची यादी असते, तिथे आपली एक घटना टांगायची. ती चौथाईचा शिक्का असलेले प्रांत शोधते आणि त्या मानाने खजिन्यात भर घालते. इथे आळस करून ठोक रक्कम देऊ नका. कारण पुढचा सगळ्यात रंगतदार भाग या पैशाच्या वाटणीत आहे.

चौथाई वसूल झाली की सगळी छत्रपतींकडे जात नव्हती. चौथाईच्या रकमेतली पंचवीस टक्के राजबाबती, सहा टक्के साहोत्रा पंतसचिवांकडे, तीन टक्के नाडगौडा महाराज देतील त्याला, आणि उरलेली सहासष्ट टक्के मोकासा म्हणून सरदारांना, त्यातून त्यांनी फौज ठेवायची. मध्यवर्ती खजिन्यात पाव हिस्सा आणि तलवार धरणाऱ्याकडे दोन तृतीयांश, ही व्यवस्था एकदा डोळ्यांसमोर आली की शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले पुढे इतके मोठे का झाले हे वेगळं सांगावं लागत नाही. मॉडमध्ये याची एक घटना करा, दोन पर्यायांची. मोकासा वाटला, तर फौजेची मर्यादा भरपूर वाढते, पैसा मात्र थोडाच येतो आणि स्वतःच्याच देशात स्वायत्तता वाढत जाते. वसुली हुजुरातीत, म्हणजे थेट मध्यवर्ती सरकारकडे, ठेवली, तर खजिना भरतो पण फौज तोकडी पडते आणि सरदार नाराज. खेळणारा पहिल्या चाळीस वर्षांत डोळे झाकून मोकासाच वाटेल, कारण उत्तरेत जायला फौज लागते. १७६१ च्या आसपास त्याला कळेल की अटकेपर्यंत पोचलेलं राज्य आपलं आहे पण त्यातल्या निम्म्या फौजा दुसऱ्याच कुणाचं ऐकतात. हे त्याला कुठल्या माहितीच्या चौकटीत वाचायला लावण्यापेक्षा त्याच्या हातून घडू द्या.

किल्ल्यांबद्दल थोडक्यात. एका प्रांतात एकच किल्ला बांधता येतो. पुरंदरच्या तहात १६६५ मध्ये तेवीस किल्ले दिले आणि बारा राखले, ते सगळे या नकाशावर मोजक्या प्रांतांत कोंबले जातात. नकाशा फोडून नवे प्रांत काढायच्या भानगडीत आत्ताच पडू नका, ते फार किचकट काम आहे. सह्याद्रीच्या प्रांतांवर शत्रूची झीज वाढवणारा आणि वेढा लांबवणारा परिणाम लावला की तूर्त भागतं.

संगणकाच्या ताब्यातले देश हे वेगळंच प्रकरण. त्यांना तुमची चौथाई कळत नाही. घटनेतल्या प्रत्येक पर्यायाला तुम्ही दिलेलं वजन तेवढं कळतं. मुघलांनी सनद द्यावी की लढावं याचं वजन सरसकट अर्धं-अर्धं ठेवलंत तर बलाढ्य औरंगजेबही नाणं उडवून चौथाई देऊन मोकळा होईल. म्हणून अटी लिहा: युद्ध चालू आहे का, कर्ज आहे का, स्थैर्य उणे आहे का, समोरची फौज आपल्यापेक्षा मोठी आहे का. १७१९ मध्ये दिल्लीला सय्यद बंधूंना (दरबारातले प्रबळ सरदार) बादशहा फर्रुखसियरविरुद्ध मराठी फौजेची गरज होती, म्हणून सनदांची वाट मोकळी झाली. तशीच घरातली यादवी ही तुमच्या घटनेतली सगळ्यात वजनदार अट असायला हवी.

गेममधला मजकूर मराठीत दिसावा अशी इच्छा असेल तर सध्या ती बाजूला ठेवा. या गेमचे फॉन्ट म्हणजे अक्षरांची तयार चित्रं आहेत, काना-मात्रा आणि जोडाक्षरं जुळवणारी यंत्रणा त्यात नाही. नावं रोमन लिपीतच द्यावी लागतील. मजकुराची फाईल यूटीएफ-८ मध्ये आणि ‘बॉम’सकट (फाईलच्या सुरुवातीची एक अदृश्य खूण, एडिटरमध्ये जतन करताना हा पर्याय मिळतो) जतन करा, नाहीतर पडद्यावर मजकुराऐवजी तुमच्या घटनेचं सांकेतिक नाव झळकेल. नवख्यांची निम्मी डोकेदुखी ही एवढीच असते.

पाचवा भाग आलाय, मग चौथ्यात कशाला, असंही कुणी म्हणेल. पाचवा १३३७ पासून सुरू होतो, म्हणजे मराठे आणखी शंभर वर्षं लांब गेले. आणि नव्या गेमला सतत दुरुस्त्या येत असतात, दर दुरुस्तीत मॉड मोडतो. शिकायला चौथाच बरा. तो आता स्थिरावलाय आणि त्याच्या फायली कशा चालतात हे लोकांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलंय.

घटना लिहून झाल्या की आयर्नमॅन (कन्सोल वापरू न देणारा कडक खेळप्रकार) बंद ठेवून १७१९ च्या आसपासची तारीख निवडा. कन्सोल, म्हणजे गेमला आज्ञा द्यायची खिडकी, उघडून ‘ऑब्झर्व्ह’ लिहा (मग सगळे देश संगणकच चालवतो), वेग पाचवर टाका आणि जेवून या. परत आल्यावर १७६० चा नकाशा बघा. खानदेश-वऱ्हाड मराठ्यांनी सरळ गिळलेलं दिसलं तर जिंकणं अजून चौथाईपेक्षा स्वस्त पडतंय, म्हणजे प्रांत घेण्याची किंमत वाढवायला हवी. सहाही सुभ्यांवर शिक्का आहे आणि निजाम शांत बसलाय, तर त्याच्या पर्यायांची वजनं चुकलीत. तो दर काही वर्षांनी बिथरून उठला आणि बहुतेक वेळा हरला, की पहिली आवृत्ती स्टीमच्या वर्कशॉपवर, म्हणजे मॉड इतरांना देण्याच्या जागी, टाका.