शाळेच्या ग्रंथालयाचा इतिहास लिहायचा आहे, पण कागदपत्रंच नाहीत. काय करू?

तुम्ही म्हणता, स्मरणिकेत हायस्कूलच्या ग्रंथालयाचा इतिहास आणि सेवा यांवर दोन पानं द्यायची आहेत आणि हाताशी एकही कागद नाही. मी यावल तालुक्यातल्या एका हायस्कुलात ग्रंथपाल होतो, त्यातली बरीच वर्षं अर्धवेळ. माझा अनुभव सांगतो की कागद असतो. जुन्या कपाटाच्या तळाशी जाड पुठ्ठ्याची दाखल नोंदवही शोधा.

तिच्यात प्रत्येक पुस्तकाची एक ओळ असते: तारीख, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, किंमत, कुणाकडून आलं आणि शेवटी शेरा. ती सलग वाचायला बसा. अक्षर बदललं की काम सांभाळणारा माणूस बदलला. किंमत रुपये-आण्यांत असेल तर नोंद साधारण १९५७ च्या आधीची, कारण त्या वर्षीच्या १ एप्रिलला दशमान नाणी आली. ‘यांच्या स्मरणार्थ’ असं लिहिलेल्या नोंदी वेगळ्या काढा. गावातल्या कोणत्या घरांनी शाळा उभी केली ते तिथे कळतं. ज्या वर्षांत एकही नोंद नाही तीही लिहा, दडपू नका. आणि शेऱ्यात जिथे ‘गहाळ’ आहे ते नीट पाहा. आमच्याकडे ऐतिहासिक कादंबऱ्या आणि कुस्तीवरची पुस्तकं सर्वांत जास्त गहाळ होती. मुलांना काय हवं होतं हे मला कुठल्याही अहवालाने इतकं स्पष्ट सांगितलं नाही.

सेवांबद्दल लिहिताना देवघेव, वृत्तपत्रं, जुन्या प्रश्नपत्रिका, गरजू मुलांसाठी पुस्तकपेढी एवढं एका परिच्छेदात आटपा, ते सगळीकडे सारखंच असतं. तुमच्या शाळेचं वेगळं काय, तिथे शाई खर्च करा. ग्रंथालयतज्ज्ञ एस. आर. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच पुस्तकं वापरासाठी असतात हे आहे. मी रुजू झालो तेव्हा मात्र आमची कपाटं कुलपात होती आणि किल्ली कार्यालयात. पुस्तक फाटलं तर भरपाई कोण करणार, ही भीती. मी पत्र्याच्या पेटीत चाळीसेक पुस्तकं भरून आठवीच्या वर्गात ठेवली, वही आणि किल्ली वर्गातल्या एका मुलीकडे दिली. वर्षअखेरीस दोन पुस्तकं कमी भरली. पुढच्या जूनमध्ये तीन वर्गांत पेट्या गेल्या.

दुसरा बदल कापसामुळे झाला. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की निम्मी मुलं शेतात. सात दिवसांची मुदत उलटायची, दंडाच्या धाकाने ती नंतर ग्रंथालयाकडे फिरकायचीच नाहीत. मुख्याध्यापकांशी बोलून त्या दोन महिन्यांपुरती मुदत महिन्याची केली आणि दंड बंद केला. हा माझ्या लेखी आमच्या ग्रंथालयाच्या इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय आहे.

खानदेशातल्या शाळेचं लिहिताय, तर अमळनेरच्या प्रताप हायस्कूलचा उल्लेख करा. साने गुरुजी १९२४ ते १९३० तिथे शिक्षक होते आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने ‘छात्रालय’ दैनिक लिहून काढत. तुमच्या शाळेत कधी हस्तलिखित निघालं असेल तर ते ग्रंथालयाच्याच कपाटात असणार, जरूर शोधा.

आणि आपल्या बोलीतल्या पुस्तकांचं कपाट. कवयित्री बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेवांनी वगैरे उतरवून ठेवलं म्हणून १९५२ साली त्या ओव्या-गाण्यांचं पुस्तक झालं. ते पुस्तक पेटीत ठेवलं, तेव्हा कधीच पुस्तक न नेणारा एक मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, “सर, आमची आजी अशीच बोलते.” त्याने ते घरी नेलं आणि आजीला वाचून दाखवलं. लेवा बोली असो की अहिराणी, आपल्या घरची भाषा छापलेली बघितली की मूल ग्रंथालयाला परकं मानत नाही. तुमच्याकडे अशी किती पुस्तकं आहेत, हे मोजून लिहा.

सेवानिवृत्त शिपायांना आधी भेटा, खोल्या कधी हलल्या ते त्यांनाच आठवतं. नोंदवही सापडली की लगेच प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आमच्या दुसऱ्या वहीची पहिली साठ पानं वाळवीने खाल्ली, त्यातलं आता काहीही सांगता येत नाही.