वाचकांचे प्रश्न : पोरगा लखनौला एएमसीत, आम्ही घरून काय करायचं?

आर्मी मेडिकल कोअर, म्हणजे एएमसीत, नर्सिंग असिस्टंट म्हणून निवडलेल्या मुलांचं प्रशिक्षण लखनौच्या केंद्रात सुरू होतं. आधी इतर रिक्रूटांसारखीच पीटी, परेड, हत्यार आणि शपथेची कसम परेड. मग शरीररचना, ड्रेसिंग, इंजेक्शन आणि लष्करी रुग्णालयातला वॉर्ड. या मुलांच्या घरून आलेले चार प्रश्न या अंकात घेतले आहेत.

मुलगा सेंटरला जाऊन सात आठवडे झाले. रविवारी फोनवर म्हणाला, डावी नडगी दुखते, पण उस्तादांना, म्हणजे प्रशिक्षकांना, सांगितलं तर रेलिगेट करतील, मागच्या बॅचला टाकतील. लाडवांच्या डब्यातून दुखण्याच्या गोळ्या पाठव म्हणतो. पाठवू का?
— एक आई, कोरेगाव तालुका

ताई, लाडू पाठवा, गोळ्या पाठवू नका.

रोज पळून, बूट आपटून हाडावर ताण आला की शरीर आधी जुनं हाड काढून टाकतं आणि मग त्या जागी नवं भरतं. जुनं गेलंय आणि नवं अजून भरलेलं नाही, अशा मधल्या काळात हाड कच्चं असतं. त्यामुळे ही दुखणी पहिल्या दिवशी नाही, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पुढे डोकं वर काढतात. तुमच्या मुलाचा सातवा आठवडा आहे, म्हणजे नेमका तोच काळ.

पुढच्या फोनला त्याला एवढंच विचारा, "दुखरी जागा एका बोटानं दाखवता येते, की पंजा फिरवावा लागतो?" नडगीच्या आतल्या कडेनं वीतभर पट्ट्यात दुखत असेल, सुरुवातीला जास्त आणि अंग तापल्यावर कमी होत असेल, तर बहुतेक वेळा हाडावरच्या आवरणाचा आणि स्नायूंचा त्रास असतो. थोड्या विश्रांतीनं तो बसतो. पण रुपयाएवढ्या एकाच जागी बोट ठेवलं की कळ येत असेल, पळताना ती वाढत जात असेल आणि रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यायची. त्यानं दुसऱ्याच दिवशी सकाळी सिक रिपोर्ट करून (आजारी असल्याचं कळवून) एमआय रूम, म्हणजे तिथला तपासणीचा दवाखाना, गाठावा. दुखणं जांघेत असेल तर एक दिवसही थांबू नये. मांडीच्या हाडाच्या मानेतली चीर सरकली तर ऑपरेशनची वेळ येते.

आणखी एक गोष्ट त्याला आधीच सांगून ठेवा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये ही चीर बऱ्याचदा दिसत नाही. 'एक्स-रे नॉर्मल आला' म्हणून मुलं परत पळायला लागतात आणि तिथेच घात होतो. दुखणं तसंच राहिलं तर पुन्हा दाखवायचं, तपासणी पुन्हा करायची. एमआरआयमध्ये ती लवकर कळते.

गोळीनं दुखणं दबतं, चीर भरत नाही. पोरगा त्याच पायावर पळत राहतो. वर लखनौच्या उन्हाळ्यात, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना अशा गोळ्या रोज घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंड दोन्हीला धोका. वेळेत सापडलेली नडगीची चीर साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या विश्रांतीत भरते. लपवून हाड पूर्ण मोडलं तर कित्येक महिने जातात. रेलिगेट होण्याची भीती खोटी नाही, तसं होऊ शकतं. पण एक बॅच मागे गेलेला मुलगा पुढे तेवढीच नोकरी करतो. हे त्याला उस्तादांनी सांगण्यापेक्षा घरून ऐकायला मिळालं तर फार फरक पडतो, कारण बहुतेक मुलं दुखणं लपवतात ती गावात काय म्हणतील या भीतीनं. "मागं पडलास तरी चालेल, पाय सांभाळ," हे वडिलांच्या तोंडून एकदा तरी त्याच्या कानावर जाऊ द्या.

पार्सलमध्ये नाचणीचे लाडू उत्तम. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. खाज-गजकर्णासाठी मेडिकलमधून तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूबही पाठवू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आतून पसरते आणि मग महिनोन्महिने जात नाही. त्याऐवजी सुती चड्ड्या आणि मोजे जास्तीचे द्या. ओला कपडा अंगावर वाळवायचा नाही आणि टॉवेल कोणाला द्यायचा नाही, हेही सांगा.

ज्यांची मुलं अजून निघायची आहेत त्यांच्यासाठी : भरतीची धाव झाली की मुलं पळणं सोडतात आणि सेंटरला थेट रोजच्या पीटीत उतरतात. निवड झाल्यापासून निघेपर्यंत मातीवर पळणं चालू ठेवा, आठवड्याला साधारण दहा टक्क्यांहून जास्त अंतर वाढवू नका.

मुलगा आता वॉर्डात ड्युटीला आहे. मागच्या आठवड्यात त्याच्यासमोर पहिल्यांदा पेशंट दगावला. तेव्हापासून फोनवर नीट बोलत नाही. त्याची आई रडते. काय बोलावं?
— एक वडील, जुन्नर

पहिला मृत्यू पाहिला, त्या देहाची शेवटची स्वच्छता स्वतःच्या हातांनी केली, की पुढचे काही दिवस झोप तुटते, तेच दृश्य डोळ्यांपुढे येतं, जेवताना वॉर्डाचा वास आठवतो. हे दुबळेपण नाही. दोन ते चार आठवड्यांत बहुतेकांचं हळूहळू ओसरतं.

"तू सैनिक आहेस, असं करून कसं चालेल" हे वाक्य घरात कोणीच उच्चारू नका. पेशंट कोण होता, कुठल्या युनिटचा, काय झालं होतं, हेही विचारू नका. ती माहिती त्यानं सांगायची नसते आणि तुम्ही विचारलंत की तो आणखी गप्प होतो. जेवलास का, झोप लागली का, कोणाशी बोललास, एवढं पुरे. मग फोनवर शांतता पसरली तरी पसरू द्या, घाईनं भरून काढू नका. घरचं साधं सांगा. गाय व्याली, कांदा काढला, बोअरला पाणी आलं. त्याला ते ऐकायचं असतं. आईंना रडू येणं साहजिक आहे, पण त्या फोनवर रडल्या की तो पुढच्या वेळी 'सगळं बरं आहे' एवढंच सांगेल. त्यांनी आधी तुमच्याजवळ मन मोकळं करावं.

महिना उलटूनही झोप नाही, दारू वाढली, कामावर जायला टाळतो, असं दिसलं तर त्याला त्याच्या मेडिकल ऑफिसरकडे जायला सांगा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, त्यावर मराठीत बोलता येतं. लष्करातल्या लोकांसाठी पुण्याच्या एएफएमसीत (सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) डिसेंबर २०२३पासून टेलिमानसचा स्वतंत्र कक्ष आहे. आणि "मी नसतो तर बरं झालं असतं" अशा अर्थाचं एक वाक्य जरी आलं, तरी उद्यावर ढकलू नका. त्याच्याशी बोलत राहा आणि त्याच वेळी दुसऱ्या फोनवरून त्याच्या सिनियरला कळवा. त्यासाठी त्याच्या कंपनीचा, एका सिनियरचा आणि एका मित्राचा नंबर आजच वहीत लिहून ठेवा.

आरोग्य विभागात आहे म्हणजे बॉर्डरवर जायचं नाही ना?
— एक आजी, कणकवली

आजी, खोटा दिलासा देत नाही. नर्सिंग असिस्टंटची बदली मोठ्या रुग्णालयात होते, तशीच पुढच्या भागातल्या पलटणीच्या मदत केंद्रावरही होते. जखमी जवानापर्यंत पहिल्यांदा हेच पोचतात. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या १९४९च्या जिनिव्हा करारांनुसार वैद्यकीय पथकावर हल्ला करता येत नाही. स्वतःच्या आणि जखमींच्या रक्षणापुरतं हत्यार ते जवळ बाळगू शकतात, म्हणून तर त्यांना हत्यार शिकवतात.

भाऊ सुट्टीवर आला की गावातले लोक 'डॉक्टर आले' म्हणून इंजेक्शन, सलाईन मागतात. नाही म्हटलं तर वाईटपणा येतो.
— एक बहीण, गेवराई

वाईटपणा घ्या, आणि तो भावानं नाही, घरच्यांनी घ्या. रुग्णालयात तो डॉक्टरांच्या सूचनेवर सुई टोचतो. गावात स्वतःच्या मनानं टोचली तर तो नोंदणी नसलेला वैद्यकीय व्यवसाय ठरतो आणि महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी अधिनियम, १९६१ खाली गुन्हा होऊ शकतो. गुन्हा नोंदला की नोकरीवरही गदा येते. त्याहून मोठी भीती म्हणजे एखाद्याला इंजेक्शनची रिअॅक्शन आली, तर काही मिनिटांत श्वास बंद होऊ शकतो, आणि ओसरीवर ना ऑक्सिजन असतो ना डॉक्टर.

'अशक्तपणा आलाय, एक बाटली लाव' म्हणणाऱ्याला बाटलीत काय असतं ते सांगा. अर्धा लिटर नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. पाच टक्क्यांच्या ग्लुकोजच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम पाच चमचे. ज्याला गिळता येतंय त्यानं लिंबू-सरबत प्यावं आणि अशक्तपणा का आला ते तपासून घ्यावं.

तो जे करू शकतो ते मात्र त्यानं जरूर करावं. ऊसतोडीत कोयता लागून रक्त उडत असेल तर स्वच्छ कापड धरून जोरात दाबणं. हातापायातून उडणारं रक्त तरीही थांबत नसेल तर जखमेच्या चार बोटं वर, सांधा टाळून पट्टा आवळणं आणि आवळल्याची वेळ कपाळावर किंवा कागदावर लिहिणं. हाच पट्टा सर्पदंशाला मात्र बांधायचा नाही. तिथे दोरीही नाही, ब्लेडही नाही. अंगठी-कडं काढायचं, पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा, माणसाला चालू द्यायचं नाही आणि ज्या सरकारी दवाखान्यात सर्पविषावरची लस असल्याची खात्री आहे तिथे थेट न्यायचं. कुठल्या दवाखान्यात ती आहे, हे भावानं सुट्टीच्या पहिल्याच दिवशी विचारून भिंतीवर लिहून ठेवलं, तर गावाला त्याचा सलाईनपेक्षा कितीतरी जास्त उपयोग होईल.