सगळ्यांनी दुकानं थाटल्यावर आपण आलो तर?

या वेळच्या बहुतेक प्रश्नांचा सूर एकच आहे: ऑनलाइन धंदा करायचा होता, राहून गेला, आता उशीर झाला का? सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही. उशीर काहींच्या पथ्यावर पडतो, काहींच्या नाही. पत्र लिहिणाऱ्यांपैकी एका जोडीला तर मी स्पष्ट नाहीच म्हणणार आहे.

प्रश्न: वय ५६, राहणार कोथरूड. थालीपीठाची भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला ओळखीच्या घरी करून देते. ऑनलाइन विका असं सून म्हणते. पण पाहावं तिकडे लोक आधीच भाजणी विकताहेत. माझ्याकडून कोण घेणार?

इतके जण विकताहेत, म्हणजे भाजणी नेटवरून मागवायची सवय लोकांना लागली आहे. ती लावण्याचा खर्च दुसऱ्यांनी केला, तुम्हाला एक पैसाही पडला नाही. २०१० च्या सुमारास असं दुकान काढणाऱ्याची अवस्था आठवून बघा. कार्डाचा नंबर नेटवर टाकायला लोक घाबरायचे, म्हणून फ्लिपकार्टला त्या वर्षी माल हातात पडल्यावर पैसे द्यायची सोय काढावी लागली. यूपीआय यायला २०१६ साल उजाडलं आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आलं २०१८ मध्ये. ज्यांनी घाईने आधी सुरू केलं, त्यांचा निम्मा जीव लोकांना भरवसा द्यायलाच गेला.

१९९३ मध्ये गोल्डर आणि टेलिस या दोन संशोधकांनी ५० प्रकारच्या उत्पादनांचा इतिहास तपासला होता. बाजारात सर्वांत आधी उतरलेल्यांपैकी ४७ टक्के बुडाले होते. पुढे बाजार वाढीला लागला तेव्हा जे आघाडीवर होते, ते पहिल्यांच्या मागून सरासरी १३ वर्षांनी आलेले निघाले. त्यात भाजणी नव्हती हे मान्य.

पण नुसतं उशिरा येऊन काही मिळत नाही. आधीच्यांनी कुठे मार खाल्ला ते वाचावं लागतं, आणि ऑनलाइन धंद्यात ते उघड्यावर पडलेलं असतं. सुनेला सोबत घेऊन बसा आणि भाजणी विकणाऱ्या पाच-सहा जणांच्या पानांवरचे अभिप्राय वाचा. एक तारावाले सोडून द्या, त्यातला बराच राग कुरिअरवाल्यावरचा असतो. पाच तारावाल्यांत नातेवाईक असतात. दोन आणि तीन तारे देणारा माणूस मात्र कामाचा. त्याला वस्तू आवडायची होती आणि काहीतरी नडलं. ‘चव बरी, पण वास कुबट.’ ‘पाकीट कोपऱ्यात फुटलेलं.’ ‘कधी भाजलंय तेच कळत नाही.’ ‘फोटोवरून अर्धा किलो वाटलं, निघालं २०० ग्रॅम.’ हे सगळं वहीत उतरवा आणि पहिलं पाकीट त्या वहीला उत्तर म्हणून करा. भाजल्याची तारीख मोठ्या अक्षरात हवी. फोटोत पाकिटाशेजारी वाटी किंवा चमचा ठेवा, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. ऑर्डर आल्यावरच दळून देणार असाल तर ते पहिल्याच ओळीत सांगा. महिनोन् महिने गोदामात माल ठेवणाऱ्याला ती ओळ लिहिता येत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी घरगुती उद्योगालाही लागते, तिच्याशिवाय एकही पाकीट विकू नका. जीएसटीचं बरेच जण चुकीचं सांगतात. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकत असाल तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून मोठ्या पोर्टलवरून राज्यातच विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यालाही ती सूट आहे, फक्त जीएसटीच्या पोर्टलवरून एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. पण बंगळूरच्या मराठी घरी भाजणी पाठवलीत की पहिल्या रुपयापासून नोंदणी. आणि तुमचं खरं गिऱ्हाईक बंगळूर-हैदराबादलाच बसलंय, असं मला वाटतं. कोथरूडमध्ये भाजणी कोपऱ्यावर मिळते. तेव्हा नोंदणीचा खर्च आधीच हिशेबात धरा.

प्रश्न: ऑनलाइन व्यवसाय शिकवणारा ४५ हजारांचा कोर्स आहे. ‘आता नाही तर कधीच नाही’ म्हणतात. घ्यावा का?

नको. ‘आता नाही तर कधीच नाही’ म्हणणाऱ्याला तुमची घाई विकत घ्यायची असते. ऑनलाइन दुकान उभारायची साधनं देणारे शॉपिफाय आणि वूकॉमर्स दोघंही ते कसं मांडायचं हे फुकट शिकवतात. छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी ‘उद्यम’ नोंदणीला पैसे लागत नाहीत. स्वतःच्या नावाने ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज केलात तर मालाच्या एका वर्गाला साडेचार हजार रुपये शुल्क आहे. उरलेल्या ४० हजारांत माल भरा आणि तो विकून पाहा. विकला गेला नाही तरी निदान माल तुमच्याकडे राहील.

प्रश्न: आमचं घर कसब्यातल्या तांबट आळीचं. वडील आणि काका तांब्याची भांडी अजून हाताने ठोके देऊन मठारतात. ऑनलाइनवर मशीनची ‘हॅमर्ड’ भांडी आमच्या निम्म्या किमतीत मिळतात आणि त्यांच्याकडे हजारो अभिप्राय आहेत. आता आम्ही जाऊन काय उपयोग?

किमतीत त्यांच्याशी भिडायला जाऊ नका, हरालच. पण त्या हजारो अभिप्रायांत तुमचं काम निम्मं होऊन पडलंय. तांब्याच्या भांड्यांखालच्या तक्रारी साधारण तीन जातीच्या असतात: काळं पडलं म्हणजे खोटं तांबं दिलं, पोचे आलेलं भांडं पाठवलं, आणि पत्रा पातळ आहे.

दुसरी तक्रार तुम्हाला सर्वांत जास्त भोवेल. मठारकाम कधी न पाहिलेल्या माणसाला ठोक्यांच्या खुणा पोचे वाटतात. तेव्हा स्टुडिओतला पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो काढू नका. खिडकीतून तिरपा उजेड येतो तिथे भांडं ठेवा, प्रत्येक ठोक्याची कड दिसली पाहिजे. हाताचे ठोके ओळीने पडतात, पण एकासारखा दुसरा नसतो. मशीनचा ठसा मात्र ठरावीक अंतराने जसाच्या तसा परत येतो. दोन्ही शेजारी ठेवून एक फोटो काढा, खाली चार शब्द लिहा. आणि वडील काम करत असताना वीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या, आवाजासकट. त्यावर गाणं लावू नका, कृपा करा.

काळं पडण्यावर उपाय म्हणजे डब्यात टाकायची एक चिठ्ठी. तांबं हवेने काळवंडतं, पुण्याच्या पावसाळ्यात जास्तच, आणि चिंच-मिठाने घासलं की उजळतं. त्याच चिठ्ठीत ठळक लिहा की कल्हई नसलेल्या भांड्यात ताक, लिंबाचं सरबत किंवा कुठलाही आंबट पदार्थ ठेवायचा नाही. तुमच्या आजीला हे कुणी सांगावं लागलं नाही. पण ऑनलाइन घेणारी मुलगी कदाचित घरातलं पहिलंच तांब्याचं भांडं घेत असेल. पातळपणाचं उत्तर सोपं आहे: वजन ग्रॅममध्ये लिहा आणि भांडं काट्यावर ठेवून फोटो द्या.

आता कुरिअर. इथे बरेच नवे लोक पहिल्या महिन्यातच खिसा रिकामा करतात. कुरिअर कंपन्या खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. आकारमानाचं वजन म्हणजे साधारणपणे खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं. ३० सेंटिमीटरच्या चौकोनी खोक्यात दीड किलोची कळशी घातलीत तर बिल ५.४ किलोचं येतं. तुम्ही हवेचं भाडं भरता. म्हणून सुरुवात कळशी-हंड्याने नको. तांब्या आणि त्यावर बसणारं फुलपात्र १८ बाय १८ बाय २५ च्या खोक्यात मावतं, आकारमानाचं वजन १.६२ किलो. एकात एक बसणारी भांडी अजून बरी. मोठा माल ‘घरी येऊन न्या’ असा ठेवा. पुण्यातलं गिऱ्हाईक तांबट आळीत आलं तर ते एक भांडं घेऊन परत जात नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

प्रश्न: अप्पा बळवंत चौकाजवळ आजोबांपासूनचं पुस्तकांचं दुकान आहे, निम्मी जुनी पुस्तकं. ॲमेझॉन येऊन इतकी वर्षं झाली, आम्ही हातावर हात ठेवून बसलो. आता?

नव्या पुस्तकांच्या सवलतीच्या लढाईत तुम्ही उतरला नाहीत, हे बरंच झालं. त्यात अनेकांचं भांडवल गेलं.

तुमची खरी जमा माळ्यावर आहे. आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९७० साली आला. त्याआधीच्या मराठी पुस्तकांवर तो क्रमांक असायचं कारणच नाही, आणि नंतरच्याही कितीतरी पुस्तकांवर नाही. मोठ्या पोर्टलची सगळी यंत्रणा अशा क्रमांकावर चालते. क्रमांक नसलेलं पुस्तक चढवायचं तर वेगळी परवानगी, जास्तीची उठाठेव. म्हणून ती जागा अजून बरीचशी मोकळी आहे. जुने दिवाळी अंक धरा. ती परंपरा १९०९ पासूनची, आणि एखादाच अंक कमी पडलेले संग्राहक पुण्यात कमी नाहीत.

स्वतःची साधी साइट पुरेल. प्रत्येक पुस्तकाचं मुखपृष्ठ, आतलं प्रकाशनाचं पान आणि कणा, असे तीन फोटो. कसर लागली असेल, शाईने कुणाचं नाव असेल, तर तेही दाखवा. नाव देवनागरीत लिहा आणि रोमन लिपीतही, कारण शोधणारे दोन्ही तऱ्हांनी टाइप करतात. रोज दहा पुस्तकं चढवलीत तरी वर्षभरात यादी भरीव होते. एक अट: काउंटरवर विकलं गेलेलं पुस्तक त्याच संध्याकाळी साइटवरून उतरलं पाहिजे. ऑनलाइन पैसे भरल्यावर ‘संपलं’ असं उत्तर मिळालेला माणूस पुन्हा फिरकत नाही. आणि दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवा खुशाल, साइट चालूच राहते.

प्रश्न: चिंचवडला ३४ वर्षं मशिन शॉपमध्ये काढली, नुकताच निवृत्त झालो. ऑनलाइन सल्ला द्यायचा विचार आहे. मुलगा म्हणतो, बाबा, हे वय नाही.

मुलाला एक आकडा दाखवा. अमेरिकेत २००७ ते २०१४ दरम्यान कंपनी काढणाऱ्या सुमारे २७ लाख संस्थापकांची माहिती पिएर अझुले हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. सरासरी वय ४२ निघालं. सर्वांत झपाट्याने वाढलेल्या, हजारांत एक अशा कंपन्या काढणाऱ्यांचं सरासरी वय ४५. अशी कंपनी काढण्याची शक्यता ५० वर्षांच्या माणसाची ३० वर्षांच्याच्या जवळजवळ दुप्पट. तो देश वेगळा, धंदे वेगळे, हे मुलगा म्हणेलच. त्याचंही बरोबर आहे. पण वय आडवं येतं हा समज तरी त्यातून टिकत नाही.

फक्त व्हिडिओ चॅनेल काढून प्रेक्षक जमवायच्या मागे लागू नका. त्या शर्यतीत उशीर नडतो. भोसरीच्या छोट्या शॉपमध्ये फिनिश येत नाही, टूल लवकर झिजतोय, बनवलेला जॉब (सुटा भाग) रिजेक्ट होतोय, अशा वेळी मालकाला अर्धा तास बोलायला माणूस हवा असतो. त्याने मशिनचा व्हिडिओ पाठवावा, तुम्ही फोनवर सांगावं, फी आधी यूपीआयने. सेवेसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे, तिथवर निर्धास्त राहा. ग्रॅच्युइटी आणि पीएफच्या पैशाला हात लावायचा नाही. या कामाला भांडवल लागतच नाही, लागतंय असं कुणी म्हणालं तर तो काहीतरी विकतोय.

प्रश्न: आम्ही दोघं हिंजवडीत नोकरी करतो. फक्त पुण्यासाठी दहा मिनिटांत किराणा पोचवणारं ॲप काढायचं आहे. मोठ्या कंपन्यांच्या चुका आम्हाला दिसतात. उशिरा येण्याचा फायदा आम्हाला मिळेल ना?

नाही. चुका दिसतात म्हणजे त्या निस्तरायला पैसे आहेत असं नाही.

अमेरिकेत वेबव्हॅनने १९९९ मध्ये घरपोच किराणा सुरू केला आणि २००१ मध्ये दिवाळं काढलं. आपल्याकडे १९९९ मध्येच फॅबमार्ट हे ऑनलाइन दुकान निघालं. त्याच चमूतल्या लोकांनी २०११ मध्ये बिगबास्केट काढलं आणि ते चाललं. मधल्या बारा वर्षांत शहरांत इंटरनेट पसरलं, कार्डं आली. लहान मुलांच्या वस्तू विकणारं पुण्याचंच फर्स्टक्राय २०१० चं, पहिल्या लाटेच्या कितीतरी मागून आलेलं. ही उदाहरणं तुमच्या बाजूची वाटतील. पण बिगबास्केट आणि फर्स्टक्रायला आल्यावर बाजार बराचसा मोकळा मिळाला होता. दहा मिनिटांच्या धंद्यात गोदामांचं जाळं हाच माल असतो. ज्याची गोदामं जास्त, त्याचा माल लवकर पोचतो. तुम्ही कितीही हुशारीने आलात तरी बाणेरला एक आणि वाकडला एक गोदाम घेऊन त्यांच्याशी भिडता येत नाही.

त्यापेक्षा जिथे दहा मिनिटांची गरजच नाही असं काही बघा. सोसायट्यांना आठवड्यातून एकदा पुरंदरची अंजिरं किंवा मुळशीचा आंबेमोहर, आदल्या दिवशी ऑर्डर घेऊन. त्याला ॲपही लागत नाही.

प्रश्न: सगळी तयारी झाली आहे. दिवाळीच्या आधी सुरू करावं की नंतर?

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस कुरिअर तुंबलेले असतात आणि जाहिरातींचे दर चढलेले. नव्या माणसाची पहिली ऑर्डर त्यात उशिरा पोचली की पहिला अभिप्राय एक ताऱ्याचा. पितृपक्षात कुणी काही सुरू करत नाही. त्या पंधरवड्यात नात्यातल्या दहा-बारा जणांना, मुद्दाम वेगवेगळ्या गावांना, खऱ्या पैशांनी ऑर्डर द्यायला लावा. नागपूरच्या मावसभावाला फुटका डबा मिळाला तर तो फोन करून सांगेल, अभिप्राय लिहिणार नाही. नवरात्रात दुरुस्त्या करा आणि दसऱ्याला उघडा, पण दिवाळीत ऑर्डरी मोजक्याच घ्या. हातून होतील तेवढ्याच.