शेवटी कोण चालणार, हे आधी विचार

प्रश्न : ताई, मी परभणीकडची. एमएस्सीसाठी यंदाच पुण्यात आले आणि विद्यापीठाच्या हायकिंग क्लबमध्ये नाव घातलं. जुलैमधल्या एका रविवारी लोहगड आणि विसापूर असा दिवसभराचा ट्रेक आहे. मला चढायची सवय नाही. मी मागे पडले आणि माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला तर? आईही काळजीत आहे. जाऊ का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : जरूर जा. फक्त पैसे भरण्याआधी लीडरला एक गोष्ट विचार : सगळ्यात शेवटी कोण चालणार आहे? त्याने चटकन एक नाव सांगितलं तर क्लब नीट चालतोय. ‘असेल कोणीतरी’ म्हणाला, तर त्या रविवारी खोलीवरच थांब.

कॉलेजच्या मुलांना मी अजूनही गडांवर घेऊन जाते, आणि बॅकलीडला, म्हणजे सगळ्यात शेवटी चालायला, वाट माहीत असलेला, दमदार माणूस ठेवते. शिट्टी, टॉर्च, प्रथमोपचाराची पिशवी त्याच्याकडे. पुष्कळ ग्रुपमध्ये उलटं असतं. तगडी पोरं पुढे पळतात आणि मागे उरतो तो ज्याचे पाय भरून आलेत. पुढचे टेकाडावर बसून पाणी पितात, मागचा धापा टाकत पोचतो, आणि तो पोचला की सगळे म्हणतात, ‘चला, आले सगळे!’ म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. मला याचा फार राग येतो. शेवटचा माणूस टेकल्यावर घड्याळ बघून पाच मिनिटं थांबायचं, मग उठायचं. सगळ्यात हळू चालणाऱ्याला लीडरच्या लगेच मागे ठेवायचं, म्हणजे वेग आपोआप त्याचा होतो. पायथ्याच्या भाजे गावात, दोन गडांमधल्या गायमुख खिंडीत आणि गडाच्या दरवाजात डोकी मोजायची. तुझा क्लब हे करत असेल तर खोळंब्याची भीती मनातून काढून टाक. आपल्याला सवय नाही, हे लीडरला आदल्या दिवशीच सांग. त्यात लाजण्यासारखं काही नाही, उलट त्याचं काम सोपं होतं.

आता गडांचं. लोहगडाला वरपर्यंत पायऱ्या आहेत, पहिल्या ट्रेकला तो उत्तम. विंचूकाट्याकडे, म्हणजे गडाच्या लांब निमुळत्या माचीकडे, उतरताना मात्र कातळ शेवाळाने निसरडा होतो. गर्दी असेल तर तो लांबूनच बघ. विसापूर लोहगडाहून उंच आहे. त्याचं पठार अफाट, आणि धुक्यात तिथे माणसं वाट चुकतात. भाज्याकडून वर जाणारी त्याची एक वाट तर नाळेतूनच, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीतूनच, आहे, पावसात तिच्या पायऱ्यांवरून पाणी वाहतं. आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर कोसळला की पाणी बघता बघता वाढतं. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. म्हणून दुसरा प्रश्न हा विचार : पाणी वाढलं तर विसापूर सोडणार का, आणि किती वाजता मागे फिरायचं ठरलंय? माझं मत विचारशील तर जुलैत, पहिल्याच वेळी, एका दिवसात दोन गड नकोत. लोहगड करून खिंडीतून परत ये. विसापूर हिवाळ्यात कर.

तोवर वेताळ टेकडी आहेच, विद्यापीठापासून फार लांब नाही. आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी चढ. चढताना सोबतच्या मैत्रिणीशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी कर. बूट चांगल्या खाचांचे हवेत, गुळगुळीत तळव्याचे स्पोर्ट्‌स शूज नकोत. दोन लिटर पाणी, पोळीभाजी, सुके कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत. छत्री नको, हात मोकळे हवेत.

आईला ‘काळजी करू नकोस’ एवढंच सांगून चालणार नाही. लीडरचा नंबर दे, पुण्यात थांबणाऱ्या क्लबच्या एखाद्याचाही दे आणि सगळ्यांच्या नावांची यादी त्याच्याकडे आहे ना, ते विचारून घे. गडावर रेंज जाते हे तिला आधीच सांग, आणि मळवली स्टेशनवर परत आल्यावर कोणत्या लोकलच्या आधी फोन करशील, ते दोघी मिळून ठरवा.