भिंतीत फोल्ड होणारा बेड करताय? मग आधी भिंत बघा

अरे दादा, डिझाईन नंतर बघ, आधी भिंतीवर बोट आपटून बघ कशाची आहे ती. नाशिकला पाथर्डी फाट्याकडच्या नव्या बिल्डिंगांमध्ये बऱ्याच ठिकाणी हलके एएसी ब्लॉक (आत हवेचे बुडबुडे असलेले सिमेंटचे ब्लॉक) असतात, त्यात साधा फास्टनर मारलास तर बेड उघडताना हळूहळू सैल होतो, त्यामुळे कॉलम-बीमला पकड घे नाहीतर केमिकल अँकर (भोकात चिकटणारं केमिकल भरून बसवायचा बोल्ट) टाक आणि फ्रेम खाली जमिनीलाही बोल्ट कर. सिडकोतल्या जुन्या घरात विटांची भिंत असेल तर एवढं टेन्शन नाही.

दुसरं म्हणजे गॅस पंप, म्हणजे बेड उचलायला जोर देणाऱ्या बाजूच्या नळ्या. मिस्त्री म्हणेल "सगळे सारखेच असतात", ऐकू नको. पंपावर न्यूटनमध्ये ताकद लिहिलेली असते, ती गादीसकट बेडच्या वजनाला जुळायला हवी. म्हणून गादी आधी घे, ६ इंचाच्या वर नको. मी उलटं केलं, पंप आधी आणले, मग बेड खालीच राहीना, मी उठलो की तोही उठायचा, बायको आठवडाभर हसत होती.

क्वीन साईज म्हणजे ६० बाय ७८ इंच, उभा उघडणारा असेल तर समोर साधारण ७ फूट मोकळी जागा लागते. खोली अरुंद असेल तर आडवा उघडणारा कर. प्लाय १९ एमएमचा, आयएस ७१० (पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्का बघून घे. आणि हो, बंद बेडला लॉक हवंच, घरात पोरं असतील तर दोन्ही बाजूंनी.