डिजिटल साधनांमुळे कॉमिक्स काढण्याचे कष्ट खरोखर कमी झाले आहेत का, आणि पडद्यावर वाचलेले कॉमिक हे छापील कॉमिकच असते का?

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. मी हौसेने कॉमिक्स काढतो आणि छापील व पडद्यावरची अशी दोन्ही नेमाने वाचतो. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की चित्र काढण्याच्या साधनांपेक्षा वाचण्याच्या साधनाने या कलेत मोठी उलथापालथ केली आहे.

छापील कॉमिकमध्ये रचनेचे एकक पान हे असते. वाचक आधी संपूर्ण पानावरून नजर फिरवतो आणि मग एकेक चौकट वाचू लागतो. त्यामुळे कोणती चौकट मोठी, कोणती अरुंद आणि कोणती पानाच्या कडेपर्यंत पसरलेली, याचा निर्णय चित्रकार शेजारच्या चौकटींकडे पाहूनच घेतो. डावीकडून उजवीकडे वाचल्या जाणाऱ्या पुस्तकात धक्का देणारा प्रसंग शक्यतो डाव्या पानावर ठेवला जातो, कारण पान उलटेपर्यंत तो वाचकाच्या नजरेस पडत नाही. मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स; ते उजवीकडून वाचला जात असल्याने तिथे हेच काम उजवे पान करते. फोनवर वरून खाली सरकवत वाचायच्या कॉमिकमध्ये मात्र पानच उरत नाही. रुंदी ठरलेली असते आणि उंचीला मर्यादा नसते, म्हणून काळ मोजायचा तो दोन चौकटींमधल्या रिकाम्या अंतराने. दार उघडण्याआधी पडदाभर काळी जागा सोडली की वाचकाला अंगठ्याने तेवढे अंतर कापावेच लागते. उंचावरून कोसळणे, खोल विहीर, न संपणारा जिना ही दृश्ये येथे विलक्षण परिणामकारक ठरतात. दोन समोरासमोरच्या पानांवर पसरलेले रणांगण मात्र दाखवता येत नाही. अरुंद पडद्यावर दोन माणसे शेजारी उभी करून दोघांच्या डोक्यावर संवादाचे फुगे मावत नाहीत, म्हणून फुगे अनेकदा चौकटीबाहेरच्या मोकळ्या जागेत जातात आणि संवादही आखूड होतात.

अमेरिकी कॉमिक चित्रकार आणि अभ्यासक स्कॉट मॅक्लाउड यांनी 2000 साली पडद्याकडे पान म्हणून न पाहता खिडकी म्हणून पाहावे, असा विचार मांडला होता. त्या खिडकीमागचे चित्र कोणत्याही दिशेला अमर्याद पसरू शकेल, अशी त्यांची कल्पना होती. व्यवहारात त्यांपैकी एकच दिशा रुजली, ती म्हणजे खालची. दक्षिण कोरियात दाउम या इंटरनेट पोर्टलने 2003 मध्ये आणि नेव्हर या दुसऱ्या पोर्टलने 2004 मध्ये वेबटून, म्हणजे अशा वरून खाली वाचायच्या कॉमिक्सच्या सेवा सुरू केल्या, तेव्हा ही मांडणी संगणकावर माऊसच्या चाकाने वाचली जात होती. स्मार्टफोन नंतर आले आणि ती मांडणी त्यांना आयती लागू पडली. याउलट कॉमिक्सॉलॉजी या डिजिटल कॉमिक्स विकणाऱ्या सेवेने ‘गाइडेड व्ह्यू’मध्ये छापील पान तसेच ठेवून ते एकेक चौकट मोठी करून दाखवण्याचा मार्ग काढला. सोय म्हणून तो ठीक आहे, पण चौकटींचे परस्परांशी असलेले नाते त्यात तुटते. त्यामुळे पानासाठी रचलेले कॉमिक मी शक्यतो मोठ्या टॅब्लेटवर किंवा कागदावरच वाचतो.

आता कष्टांविषयी. ते कमी झाले नाहीत, त्यांची जागा बदलली. 1985 मध्ये ‘शॅटर’ हे कॉमिक मॅकिंटॉशवर काढले गेले, तेव्हा रेषा संगणकावरच्या होत्या, पण रंग हातानेच भरावे लागले. पुढे अमेरिकी प्रकाशनांत संगणकाने आधी रंगकाम आणि संवादांची अक्षरे ताब्यात घेतली. पेन्सिल आणि शाई बराच काळ कागदावरच राहिली. थेट पडद्यावर स्टायलसने, म्हणजे डिजिटल लेखणीने काढता येऊ लागल्यावर त्याही हळूहळू सरकल्या. मांगामध्ये छटांसाठी ठिपक्यांचे चिकट कागद पात्याने कापून लावावे लागत. क्लिप स्टुडिओ पेंटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ते काम क्षणात होते. पण वाचलेला हा वेळ चित्रकाराच्या पदरात पडला नाही. वेबटूनचा भाग बहुधा दर आठवड्याला, पूर्ण रंगीत आणि अनेकदा 50 हून अधिक चौकटींचा हवा असतो, त्यामुळे पार्श्वभूमीसाठी तयार त्रिमितीय प्रतिकृती वापरल्या जातात आणि रेखाटन, रंग, पार्श्वभूमी अशी कामे वाटली जातात. निरनिराळ्या कथांतली शाळा किंवा राजवाडा एकाच साच्यातला दिसू लागला आहे तो यामुळेच.

आणखी एका तोट्याचा फारसा उल्लेख होत नाही. मूळ पाने संग्राहकांना विकणे हा अनेक कॉमिक चित्रकारांच्या उत्पन्नाचा एक भाग असतो. सर्व काम पडद्यावर केले की विकण्याजोगे मूळ पानच राहत नाही.

यंत्राने निर्माण केलेल्या चित्रांबद्दल एवढेच सांगतो की फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने अशा एका कॉमिकमधील मजकूर आणि मांडणी यांना संरक्षण दिले, मिडजर्नी या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने तयार केलेल्या चित्रांना मात्र नाकारले.

आपण स्वतः कॉमिक काढण्याच्या विचारात असाल तर ते कुठे वाचले जाणार हे कथा चौकटींत मांडण्यापूर्वीच ठरवावे, कारण उभी पट्टी नंतर पानांत बसवायची म्हणजे जवळजवळ प्रत्येक चौकट कापून नव्याने रचावी लागते. वेबटून याच नावाच्या संकेतस्थळावर पट्टीची रुंदी 800 पिक्सेल असते, परंतु पुढे छपाईची शक्यता असल्यास मूळ चित्र त्याच्या निदान तिप्पट रुंदीचे काढावे, आणि संवाद व फुगे चित्रापासून वेगळ्या लेयरवर (सॉफ्टवेअरमधल्या स्वतंत्र थरावर) ठेवावेत.