सायलेन्सरचा चटका बसून पोटरीवर डाग राहिलाय, ऑनलाइन मिळणारा रेड लाइट घेऊ का?

ताई, घाई करू नका. घरगुती एलईडीचा लाल उजेड, साधारण ६३० ते ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा, तो त्वचेतल्या पेशींना थोडी चालना देतो, पण जुना जाड डाग त्यानं सपाट होईल ही आशा ठेवू नका. दवाखान्यातला लेसर वेगळा, डाग लालसर, खाजरा असेल तर ५९५ नॅनोमीटरचा पल्स्ड डाय लेसर तिथल्या रक्तवाहिन्यांवर काम करतो, आणि खड्डे असतील तर फ्रॅक्शनल सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा लेसर, तो बारीक बारीक छिद्रं पाडतो मग नवीन कोलेजन, म्हणजे त्वचेला घट्ट धरणारं प्रथिन, तयार होतं, पण त्याला महिने लागतात आणि बहुतेक वेळा एका सिटिंगवर भागत नाही.

खरी काळजी इथं आहे, आपली सावळी कातडी, लेसर जोरात बसला की तिथं आणखी काळपट डाग पडू शकतो आणि सांगलीचं एप्रिलचं ऊन तर माहितीच आहे, त्यामुळं पाय झाका, सनस्क्रीन लावा. डाग जखमेच्या बाहेर पसरत चालला असेल तर तो केलॉइड, म्हणजे वाढत जाणारा जाड व्रण, असू शकतो, त्याला आधी इंजेक्शन देतात. मिरजेत त्वचेचे डॉक्टर भरपूर आहेत, एकदा दाखवून या. तोवर सिलिकॉन जेल लावा, स्वस्त नाही पण उपयोगी आहे.